हॅटीच्या मानेवरची पावडर

१७ जानेवारी, शनिवार

नेमकी आजच यायची होती!

हॅटीच्या मानेवर, वेणी जिथे सुरू होते तिथे, वाटाण्याएवढी पुळी. लाल, मधोमध पिवळा ठिपका. उद्या स्पर्धा. वजन करताना कातडीही तपासतात, आणि पुळी दिसली की पोरीला बाहेर बसवतात. डॉक्टरांच्या सहीचा कागद आणा म्हणे. शनिवारी संध्याकाळी कुठला डॉक्टर सही द्यायला बसलाय?

मोनिकाला फोन केला. माझी लेक आहे, पण माझ्यापेक्षा गायींशी जास्त बोलते. "आई, मी धार अर्धी टाकून येऊ का आता? पुळीच आहे ना? तू बघ ना काय ते." बघते बाई. दर रविवारी मीच बघते. तिचा नवरा ग्रेग आणि ती ऐंशी गायींना बांधलेले, म्हणून पोरीला आयोवा राज्यभर कुस्त्यांना फिरवायचं काम आजीचं. पासष्टीनंतर मला पट काढणं म्हणजे काय हे कळायला लागलं!

उद्या जिंकली तर राज्य स्पर्धा. दहा वर्षांची पोर – गेल्या मार्चपासून दुसरं बोलणं नाही. आरशात मान वळवून वळवून पाहत होती, मग रडायला लागली.

"आजी, तपासणीला वेंडेलकाका टॉर्च मारतात. त्यांना सगळं दिसतं."

"वेंडेल शाळेची बस चालवतो. त्याला समोरचा सिग्नल दिसत नाही, तुझी पुळी काय दिसणार?"

हसली. माझ्या नाकाच्या कडेलाही नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला अशीच आली होती. दाताच्या वेळच्या कॅप्सूल डब्यात उरल्या होत्या, तीन दिवस घेतल्या, बसली. अजून मधूनच डोकं वर काढते, पण म्हणून कोणी हॉस्पिटल गाठत नाही.


१८ जानेवारी, रविवार

जिंकली!!

सकाळी गाडीतच उरकलं. पर्समधला पावडरचा डबा काढला, पफने तीन वेळा थापलं, वर वेणी सोडली. वेंडेल टॉर्च घेऊन उभाच. हात बघितले, गुडघे बघितले, मान बघितली. मग हुंगलं!

"काय बर्नाडेट, पोरीला कुस्तीला आणलंयस की लग्नाला? छान वास येतोय."

"तुझ्या बसपेक्षा नक्कीच बरा."

सगळी रांग हसली, आणि हॅटी पुढे सरकली.

शेवटची कुस्ती ब्रिया टीडमनशी. डुकरांच्या मोठाल्या शेडी आहेत ते टीडमन. पोरगी दणकट. दोनदा हॅटीची मान काखेत धरून आवळली, मला वाटलं संपलं. हॅटीने खाली बसून पट काढला आणि चीत! ब्रियाच्या कोपरावर ही एवढी खपली होती, उघडी. ती वेंडेलला चालली, बरं का. वर "पडल्याची आहे" म्हणून सोडली.

ब्रियाची आई कॅरिन येऊन हॅटीला मिठी मारून गेली. आम्ही कॅथलिक, ती लुथेरन, तरी बरी आहे.


२१ जानेवारी, बुधवार

पुळी फुटली. बराच पू. मोनिकाने गरम पाण्याने शेकलं. पोर शाळेत गेली. राज्य स्पर्धेला चौतीस दिवस.


२३ जानेवारी, शुक्रवार

ताप १०३. उजव्या खुब्यात कळा, पाय खाली टेकवेना. मोनिका गावातल्या दवाखान्यात घेऊन गेली. नवा डॉक्टर, दाढीसुद्धा धड उगवलेली नाही. म्हणाला, फ्लू आहे, आणि कुस्तीत खुबा लचकला असेल. मानेसाठी म्हणून एक साधं अँटिबायोटिक दिलं. दहा दिवस.

मी म्हटलं, "पाय लचकला तर ताप का यावा?" म्हणे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आजी. मी तुझी आजी नाही, बाळा.


२५ जानेवारी, रविवार

हॅटीला उचलून नेलं. पाय हलवला की किंचाळत होती. नंतर किंचाळायचीही थांबली, त्याची जास्त भीती वाटली. ओठ राखाडी.

आता मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात. घरापासून दोन तास. खुब्याच्या सांध्यात पू झाला होता, उघडून धुतला. ग्रेग गायींपाशी. तिथे उभा राहून धार काढतोय आणि रडतोय, असं शेजारची सांगत होती. मोनिका रडत नाही. कॉरिडॉरमध्ये उभी राहते आणि भिंतीवरची सूचना वाचते. तीच तीच.


२६ जानेवारी, सोमवार

खोलीच्या दारावर पाटी. आत जायचं तर पिवळा अंगरखा, हातमोजे. माझ्या नातीला हात लावायला मला मोजे! हॅटी म्हणते, "आजी, तू मोठ्या बदकासारखी दिसतेस." एवढंच बोलली दिवसभरात.


२७ जानेवारी, मंगळवार

पुवाचा रिपोर्ट आला. डॉ. ओसेई म्हणून बाई आहेत, संसर्गाच्या तज्ज्ञ, घानात जन्मलेल्या, शांत. खुर्ची ओढून समोर बसल्या – उभं राहून बोलणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो, या बसल्या. म्हणाल्या, नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत. दवाखान्यातल्या त्या गोळ्या म्हणजे त्याला पाणी पाजल्यासारखं. आता शिरेतून जे देताहेत ते चालतं, पण त्याचं प्रमाण रोज रक्त काढून मोजायचं. कमी पडलं तर जंतू वाढेल, जास्त झालं तर मूत्रपिंडं जातील.

"तिसरं काही?" मोनिकाने विचारलं.

"तिसरं आहे. चौथं आहे की नाही ते मला विचारू नका आज."

आणि म्हणाल्या, असे जंतू आपणच वाढवलेत. अर्धवट घेतलेले डोस, जनावरांच्या खाद्यातली औषधं.

जनावरांचं खाद्य! तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. टीडमन! हजार हजार डुकरं एका छपराखाली, आणि त्यातून उठून आलेली पोरगी कोपरावर उघडी खपली घेऊन माझ्या हॅटीची मान काखेत दाबते! एकतीस वर्षं मी जिल्हा कचेरीत खरेदीखतं तपासली. शाईचा एक डाग असला तर कागद परत. आणि इथे वेंडेल टॉर्च घेऊन डोळे मिटून उभा! कोच डेलला आजच फोन करून सुनावलं. म्हटलं, टीडमनांना विचार पोरीच्या खपलीचं. तो म्हणाला, "बर्नाडेट, ती बर्फावर घसरली होती, मी स्वतः पाहिलंय." तू काय रे पाहणार.


२९ जानेवारी, गुरुवार

जिल्हा आरोग्य खात्यातून लोर्ना नावाच्या नर्सचा फोन. मोनिका रक्ताच्या रिपोर्टमागे पळत होती, म्हणून मी घेतला. स्पर्धेतली सगळी मुलं शोधताहेत. बारीक बारीक प्रश्न. टॉवेल कोणाचा, पाण्याची बाटली कोणाची. मग –

"अठराच्या आधी हॅटीच्या अंगावर कुठे फोड, पुळी, जखम होती का?"

"नाही."

किती पटकन आलं तोंडातून. लोर्ना म्हणाली, "छान, म्हणजे तिला तिथेच कोणाकडून तरी झालं असणार." मी हो म्हटलं. खपलीचंही सांगितलं. डुकरांचंही.

फोन ठेवल्यावर हातमोजे काढले, पुन्हा घातले. अंगठा चुकीच्या बोटात गेला.

पण त्याने काय फरक पडतो? पावडरने जंतू येत नाही.


३१ जानेवारी, शनिवार

ताप उतरत नाही. खुबा परत उघडला, परत धुतला. फुप्फुसात डाग दिसतोय. औषधाचं प्रमाण वाढवलं, लघवी कमी झाली. मोनिका आणि मी आता लघवीचे मिलिलिटर मोजतो.

हॅटीने विचारलं, "राज्य स्पर्धेला किती दिवस?" मी म्हटलं, बरेच आहेत. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.


१ फेब्रुवारी, रविवार

डेलचा फोन. ब्रिया टीडमन आजारी. हाताला गळू, आता खोकला आणि ताप. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात आहे. साधं अँटिबायोटिक सुरू आहे.

बघा! म्हटलंच होतं मी! हेच पहिलं आलं मनात. लिहून ठेवते, लपवून काय करू.

मग डेल म्हणाला, "गळू बघ कुठे आलंय, दंडाच्या आतल्या बाजूला. मागच्या रविवारी उठलं. आरोग्य खात्यानं कॅरिनला सांगितलं, हॅटीला आधी काही नव्हतं, म्हणजे ब्रियाला हे हॅटीकडून आलेलं नाही, तुमच्या शेडमधलं दुसरंच काही असेल. आता बिचारे डुकरांची तपासणी करताहेत. तिकडच्या डॉक्टरांना वाटतंय साधं गळू, वर फ्लू."

दंडाच्या आतली बाजू. मान काखेत धरली की तिथेच येते.

कचेरीत एका जमिनीची दोन खतं आली की आम्ही एकच बघायचो – आधीची तारीख कोणाची? ब्रिया, पंचवीस जानेवारी. हॅटी, सतरा जानेवारी. पुळी, पिवळा ठिपका, वेणीखाली. तारीख माझ्या हस्ताक्षरात, याच वहीत, सोळा पानं मागे.

कोपरावरची खपली बर्फावरचीच होती.


२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं नाही. हॅटीला आज मूत्रपिंडाचे डॉक्टर बघायला आले होते. मोनिका भिंतीला टेकून उभी. तिला आज सांगू? तिला आज?

लोर्नाचा नंबर दोनदा लावला. दोनदा तोडला.


३ फेब्रुवारी, मंगळवार

सेंट ब्लेझचा दिवस. हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये फादरने दोन मेणबत्त्यांची फुली गळ्याशी धरली आणि गळ्याच्या सगळ्या दुखण्यांपासून रक्षण मागितलं. लहानपणापासून दरवर्षी घेते हा आशीर्वाद. शाळेतली सिस्टर हिल्डगुंड आमच्या रांगेत शेवटी उभी राहायची आणि म्हणायची, "मुलींनो, गळा देवाने खरं बोलायला दिलाय, गिळायला तर कुत्र्यालाही दिलाय." पन्नास वर्षांपूर्वी आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो होतो.

मेण थंड होतं. मी उठले आणि चॅपलच्या दारातच फोन लावला.

लोर्नाला सगळं सांगितलं. पुळी, पावडर, वेणी, वेंडेल. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता, मग थांबला.

"गुरुवारी का नाही सांगितलंत?"

"भ्याले."

"ब्रिया गुरुवारीच दाखल झाली, बाई. पाच दिवस ती चुकीच्या औषधावर आहे." मग म्हणाली, "मला आता फोन ठेवू द्या. मला तिकडे कळवायचंय."

मग मोनिकाला सांगितलं. ती हॅटीच्या खोलीबाहेर अंगरखा घालत होती. नाड्या बांधता बांधता हात थांबले.

"मी तुला सांगितलं होतं पुळी आहे. तू म्हणालीस तू बघ," मी म्हटलं. हे का म्हटलं! तिच्यावर ढकलायला? तोंड आहे की काय!

"हो. मी म्हटलं होतं, तू बघ," मोनिका म्हणाली. आवाज अगदी सपाट. "बघ म्हटलं होतं, आई. झाक नव्हतं म्हटलं."

नाड्या बांधल्या, आत गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.


४ फेब्रुवारी, बुधवार

ब्रियाचं औषध बदललं. तिलाही इथेच हलवलं. श्वासाची नळी घातली आहे. सात नंबरची खोली.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

हॅटीला तिसरं औषध सुरू. मोनिका माझ्याशी कामापुरतं बोलते. "पाणी." "नर्सला बोलव." "तू जेव."

मी सात नंबरवरून दिवसातून दहा वेळा जाते. पडदा ओढलेला असतो.


९ फेब्रुवारी, सोमवार

ताप ९९! सकाळी नर्सने दोनदा मोजला, कारण मी विश्वास ठेवेना. लघवी वाढली. हॅटीने अर्धी वाटी मॅकरोनी खाल्ली आणि म्हणाली, इथलं चीज म्हणजे आपल्या गायींचा अपमान आहे. मोनिका हसली. आणि मग पंधरा दिवसांचं एकदम रडली. मला तिच्याजवळ जायचं होतं. ती हातानेच नको म्हणाली.

पाय आखडलाय. डॉ. ओसेई म्हणतात, ती चालायला लागेल, पण खुबा पूर्वीसारखा होईल का ते वर्षभराने कळेल. कुस्तीचं कोणी विचारलं नाही. हॅटीनेसुद्धा.


११ फेब्रुवारी, बुधवार

कॉरिडॉरमध्ये कॅरिन टीडमन भेटली. केस चार दिवस धुतलेले नाहीत, पायात नवऱ्याचे बूट. मला वाटलं आता थोबाडीत मारणार. मी वाटच बघत होते.

तिने मिठी मारली!

"बर्नाडेट, हॅटीचा ताप उतरला म्हणे. आम्ही रोज तिचं नाव घेतो प्रार्थनेत." मग डोळे पुसत म्हणाली, "आमच्या ब्रियाचं कळलंच नसतं हो. कोणीतरी फोन करून सांगितलं खात्याला की हा जंतू स्पर्धेतलाच आहे. कोण ते सांगत नाहीत. देव त्याचं भलं करो."

मी म्हटलं, "हं."

नुसतं हं! उभ्या आयुष्यात माझं तोंड कधी बंद पडलं नाही, ते नेमकं तिथे.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉ. ओसेईंनी आम्हा सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. मोनिका, ग्रेग, मी. म्हणाल्या, काही माणसं हा जंतू नाकात बाळगतात आणि त्यांना पत्ताही नसतो. हॅटी घरी जायच्या आधी घर तपासायला हवं, नाहीतर परत तेच. गोठाही बघणार, कुस्तीचा हॉलही.

"गोठाच बघा," मी म्हटलं. "आणि त्या हॉलमधल्या गाद्या. वर्षाला एकदा धुतात."

"बघू," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अलीकडे काही फोड वगैरे?"

"मी रोज आंघोळ करते, डॉक्टर."

"ते मी विचारलं नाही."

मग सांगितलं. नाकाच्या कडेची पुळी. थँक्सगिव्हिंगला एकदा, नाताळच्या आधी एकदा. डब्यातल्या कॅप्सूल – तीन दिवस, मग दोन दिवस. त्यांनी लिहून घेतलं. मोनिका खिडकीतून गाड्या बघत होती.


१६ फेब्रुवारी, सोमवार

ब्रियाची नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिलं विचारलं म्हणे – "मी हरले ना?"


१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

निकाल आला. डॉ. ओसेईंनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या, मोनिकासमोर नाही. तेव्हाच कळलं.

गोठा – नाही. गाद्या – नाही. टीडमनांच्या शेडी – नाही. मोनिका, ग्रेग – नाही.

मी – आहे. दोन्ही मुलींच्या अंगातला, तोच.

पर्समधून पावडरचा डबा काढला, पफसकट पिशवीत बांधून त्यांच्या हातात दिला. डिसेंबरपासून दर स्पर्धेला हाच डबा. आधी माझं नाक, मग "इकडे ये, तुझेही गाल जरा छान करू." मोनिका उठली. मला वाटलं निघाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, हातमोजा न घालता, आणि काढून घेतला.

कपाळावर सकाळी फादरने लावलेली पश्चात्तापाची राख आहे. पुसलेली नाही. सात नंबरचं दार उघडं दिसतंय, कॅरिन आत एकटी आहे.

जाते.